शब्द कापा, घागर कापू नका

डिसेंबर २०२४. रात्रीचे पावणेबारा. लातूरहून मावसभावाचा मेसेज आला, ‘ताई, ४३७ शब्द जास्त झालेत. काप ना काहीतरी.’ खाली तीन फायली.

तो तेव्हा बारावीत होता. अमेरिकेतल्या आठ कॉलेजांना अर्ज करत होता, तेही पूर्ण आर्थिक मदत मागून. तिथली बरीच कॉलेजं ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकाच ऑनलाइन अर्जावर प्रवेश घेतात आणि त्या अर्जात एक मुख्य निबंध असतो. कमीत कमी २५० शब्द, जास्तीत जास्त ६५०. ६५१वा शब्द तो चौकोन घेत नाही. भावाचा निबंध १,०८७ शब्दांचा होता.

मी भाषांतराचं काम करते. बँकेचे फॉर्म, औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, ॲपमधल्या सूचना. मला शब्दावर पैसे मिळतात, म्हणजे शब्द मोजणं हे माझं पोट आहे. म्हणून घरात कुणाचंही काही ‘जास्त झालं’ की ते माझ्याकडे येतं. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. पुढचे नऊ दिवस त्यात गेले, आणि त्या नऊ दिवसांत मला ज्याचा राग आला त्याबद्दल हा लेख आहे.

आधीच सांगते, राग शब्दमर्यादेचा नाही.

‘माझं आयुष्य ६५० शब्दांत कसं मावणार?’ ही तक्रार मी बऱ्याच मुलामुलींकडून ऐकली आहे. नाही मावत. मावावं असं कुणी म्हटलेलंही नाही. समोर बसलेला माणूस दिवसभरात असे ढीगभर निबंध वाचतो. त्याला तुमचं चरित्र नको असतं. आणि अमेरिकाच कशाला, ब्रिटनच्या ‘यूकास’च्या अर्जात तर शब्दही नाही, अक्षरं मोजतात. मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरं. २०२६च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न केलेत, तरी एकूण मर्यादा तेवढीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकाला ३५० शब्द. मर्यादा सगळीकडे आहे आणि ती असायलाच हवी. मर्यादा नसती, तर ज्याच्याकडे जास्त वेळ आणि जास्त इंग्रजी तोच जिंकला असता.

माझं भांडण आहे ते आपण कापतो काय, याच्याशी. आपल्याकडे निबंध लांबला की आधी माणसं कापली जातात आणि उपदेश ठेवला जातो. वस्तू कापली जाते, विशेषण ठेवलं जातं. चूक कापली जाते, शहाणपण ठेवलं जातं. आणि हे करून देण्याचे पैसे घेतले जातात.

भावाच्या तीन फायलींपैकी पहिली त्याची स्वतःची, १,०८७ शब्दांची. दुसरी एका काउन्सेलरनं कापून दिलेली, ६४८ शब्दांची. त्यासाठी मावशीनं भिशीचे पंचवीस हजार मोजले होते. तिसरी एआयला ‘६५०च्या आत बसव’ सांगून मिळवलेली, ६२७ शब्दांची. तिन्हींत विषय एकच होता, २०१६चं पाणी.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराचं पाणी संपलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावून जमावबंदी करावी लागली, कारण पाण्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. देशभर बातम्या झाल्या. माझा भाऊ तेव्हा तिसरीत होता.

त्याच्या निबंधाच्या मधोमध, चौथ्या पानाच्या आसपास कुठेतरी दडलेला, एक ९२ शब्दांचा परिच्छेद होता. गल्लीत टँकर यायचा त्याच्या आधी घागरींची रांग लागायची. माणसं घरी, रांगेत घागरी. राखणीला पोरं. त्या दिवशी राखणीला हा एकटाच होता. त्यानं आपल्या घरच्या दोन घागरी उचलल्या आणि शेजारच्या आजींच्या घागरीच्या पुढे नेऊन ठेवल्या. कुणी बघितलं नाही. टँकर आला, आणि आजींची पाळी यायच्या आधी संपला. आजी म्हणाल्या, मीच उशिरा लावली असेल घागर. याच्या आईनं त्यांना एक कळशी दिली. हा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी शाळेतून खडूचा तुकडा आणून यानं रांगेतल्या प्रत्येक घागरीवर नंबर टाकले. उन्हाळा संपेपर्यंत रोज टाकले आणि वहीत लिहून ठेवले. ती वही अजून घरात आहे.

गल्लीतल्या लोकांना वाटलं, पोरगं हुशार आहे. पोराला माहीत होतं, आपण नंबर का टाकतोय ते.

आता दुसरी फाइल. काउन्सेलरच्या निबंधात खडू होता, वही होती, नंबर होते. ‘वयाच्या आठव्या वर्षी मी पुढाकार घेऊन माझ्या वस्तीतल्या पाणीवाटपाला शिस्त लावली.’ पुढे नेलेल्या दोन घागरी नव्हत्या. आजी नव्हत्या. घागर हा शब्दसुद्धा नव्हता, त्याच्या जागी ‘भांडं’ आलं होतं. समासात शेरा होता, ‘नकारात्मक प्रसंग टाळा. नेतृत्वगुण ठळक करा.’

तिसऱ्या फाइलमध्ये खडूही गेला होता. दुष्काळी भागात वाढल्यामुळे माझ्यात चिकाटी आली, समाजाविषयी बांधिलकी आली, संकटाकडे संधी म्हणून बघायची दृष्टी आली, असं त्यात होतं. वाक्यं गुळगुळीत होती. एकही चूक नव्हती. तो निबंध लातूरच्या मुलाचा होता तसाच राजस्थानातल्या किंवा केनियातल्या मुलाचाही असू शकला असता. बरं, कॉमन ॲपच्या नियमांत एआयनं लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत धरलं आहे. पण ते क्षणभर बाजूला ठेवू. एआयनं इथे खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं फक्त जे खरं होतं ते काढून टाकलं होतं.

दुसऱ्या फाइलचं मात्र तसं नाही. तिथे कापण्यानं खोटं तयार झालं होतं. अपराधी वाटून केलेली गोष्ट कात्री चालवल्यावर नेतृत्व झाली. एकही शब्द नवा न घालता. हे मला फार भयंकर वाटतं. आपल्याला वाटतं खोटं बोलायला काहीतरी जोडावं लागतं. नाही, ९२ शब्द वगळले तरी पुरतं.

मी भावाला विचारलं, ‘तू काय म्हणालास त्यांना?’ तो म्हणाला, ‘काय म्हणणार ताई? त्यांनी शंभर पोरं पाठवलीत तिकडं. मी कुठं पाठवलीत?’

म्हणजे वाद संपलाच. सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘तू कोण आहेस’ हा प्रश्न विचारला होता. जेईई हा प्रश्न विचारत नाही. सीईटी विचारत नाही. बोर्ड विचारत नाही. आणि पहिल्यांदाच विचारला गेलेला हा प्रश्न सोडवायला त्यानं दुसऱ्याकडे दिला, कारण बाकीचे सगळे प्रश्न क्लासमध्येच सुटतात असं आपण त्याला बारा वर्षं शिकवलं होतं.

पण दोष फक्त काउन्सेलरवर ढकलून मी मोकळी होणार नाही. मूळ १,०८७ शब्द आले कुठून? त्यातले ११८ शब्द तर निबंधाच्या सुरुवातीलाच खर्च झाले होते. पृथ्वीचा किती भाग पाण्यानं व्यापलाय, हवामानबदल हे मानवजातीपुढचं केवढं मोठं आव्हान आहे, पाणी हेच जीवन. शेवटचे १४३ शब्द तात्पर्याचे. हे त्याला कुणी शिकवलं? आपल्या शाळांनी.

आठवा शाळेतला निबंध. सुरुवातीला सुविचार किंवा सुभाषित. मग ‘आजच्या आधुनिक युगात’. मध्ये मुद्दे. शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी प्रतिज्ञा करूया की’. किती ओळी झाल्या ते बाईंनी बघायचं आणि मार्क द्यायचे. कमी लिहिलं तर ‘विस्तार करा’ असा लाल शेरा. ‘संक्षेप करा’ असा शेरा तुमच्या वहीवर कधी आला होता का? माझ्या वहीवर कधीच आला नाही. आपल्याला दहा वर्षं फुगवायला शिकवतात आणि मग एक दिवस अचानक चौकोन समोर येतो, ६५० शब्दांचा.

भावानं मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरू शकत नाही. सहावीत त्यांना कल्पनाप्रधान निबंध आला होता, ‘पाणी नसते तर’. वर्गातल्या सगळ्यांनी गाइडमधला पाठ करून लिहिला. ‘कल्पना करा, एके दिवशी नळाला पाणीच आले नाही तर!’ लातूरच्या वर्गात. तीन वर्षांपूर्वी रेल्वेनं पाणी प्यालेल्या पोरांनी. एकानंही स्वतःच्या गल्लीतला टँकर लिहिला नाही, कारण टँकर हा निबंधाचा विषय नसतो असं त्यांना पक्कं ठाऊक होतं. यालाही दहापैकी नऊ मार्क मिळाले.

ज्या मुलाला नळ कोरडा असताना ‘कल्पना करा’ लिहिल्याबद्दल नऊ मार्क मिळतात, तो अमेरिकेच्या अर्जात हवामानबदलापासून सुरुवात करणार नाही तर काय करणार?

मला कापायला शाळेनं शिकवलं नाही. माझ्या बाबांनी शिकवलं. त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि त्याच दुकानात ते एका दैनिकाच्या छोट्या जाहिराती घ्यायचे. घर भाड्याने देणे आहे, कागदपत्रं हरवली, वधू पाहिजे, आणि निधनाच्या. पैसे शब्दावर. माणसं मोठमोठाले कागद घेऊन यायची. निधनाची जाहिरात असली की कागद जास्तच भरलेला. ‘अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, सदैव हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे…’ बाबा पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत मोजायचे, पैसे सांगायचे, आणि समोरच्याचा चेहरा उतरायचा.

मग बाबा म्हणायचे, ‘विशेषणं सगळ्यांच्याच बापाला लागतात बघा. तुमचे वडील काय करायचे ते सांगा.’ आणि तो माणूस सांगायचा. बस डेपोत मेकॅनिक होते. भजनात पखवाज वाजवायचे. बाबा तेवढं ठेवायचे. ‘पखवाजवादक’ हा एक शब्द. बाकी नाव, गाव, वय, अंत्यविधीची वेळ. जाहिरात निम्म्या पैशांत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या लोकांना कोण गेलं ते नेमकं कळायचं.

बाबांनी मला कापण्याचा नियम असा कधी सांगितला नाही, पण तो असा होता, जे कुणाच्याही बापाला लागू पडतं ते आधी कापा. काउन्सेलरचा आणि एआयचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. जे फक्त तुमच्या बापालाच लागू पडतं ते ते आधी कापतात, कारण ते वाचणाऱ्याला ‘कळणार नाही’.

या ‘कळणार नाही’शी मला भांडायचंय, कारण त्यात थोडं खरं आहे.

शब्दमर्यादा सगळ्यांना सारखी आहे, पण शब्दांचा खर्च सगळ्यांना सारखा नाही. बॉस्टनजवळच्या उपनगरातला मुलगा ‘प्रॅक्टिसहून घरी आलो, शॉवर घेतला’ असं लिहितो आणि त्याचे तेवढेच शब्द खर्च होतात. लातूरच्या मुलाला नळाला पाणी रोज येत नाही हे सांगावं लागतं. ते भरून ठेवावं लागतं हे सांगावं लागतं. टँकर म्हणजे काय, रांगेत माणसाऐवजी घागर का उभी राहते, हेही. एका ‘अंघोळ केली’साठी त्याला चार वाक्यांची प्रस्तावना लागते. कागदावर ६५०, पण त्याच्या हातात पाचशेच.

त्यात भाषेचा खर्च वेगळा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘टाकीजवळच्यांनाही’ हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत तेवढंच म्हणायला सहा लागतात. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याचा निबंध फुगतो त्यामागे हेही एक कारण असतं. पोरगं बडबडं असेलच असं नाही. आपल्या लिपीनं हा अनुभव मोबाइलवरही घेतलाय. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. निरोप तोच, जागा निम्म्याहून कमी.

मग या अन्यायावर उपाय काय? काउन्सेलर म्हणतो, घागर काढा. मी म्हणते, घागर ठेवा आणि तिचा खुलासा काढा.

प्रॉम म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगितलं होतं? थँक्सगिव्हिंगला टर्की का खातात हे? होमरूम, लॉकर, डिटेन्शन? अमेरिकन मालिकांनी एकदाही थांबून सांगितलं नाही. आपण दोन-चार भाग बघितले आणि कळलं. ज्यांनी आपल्याला स्वतःचं जग न समजावता दिलं, त्यांना एक घागर झेपेल. ‘टँकर यायच्या आधी आम्ही रांगेत घागरी ठेवायचो’ एवढ्या वाक्यावरून ते पाण्याचं भांडं आहे हे न कळणारा माणूस प्रवेश समितीत बसला असेल असं मला वाटत नाही. भावाच्या निबंधात असे खुलासे ३८ शब्दांचे होते. सगळे गेले. एक फक्त ठेवला, नळ आठवड्यातून एकदाही येत नव्हता तो. कारण तो नसता तर रांगच कळली नसती.

आता दुसरा आक्षेप. तो माझ्या मावशीचा आहे, त्यामुळे तो मी हलक्यात घेऊ शकत नाही.

तिला मी कापलेला निबंध फोनवर मराठीत वाचून दाखवला. घागरींची गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे तिकडच्या लोकांना कशाला सांगायचं गं? पोरानं चोरी केली म्हणतील.’

मावशीची भीती खरी आहे. ज्यांना मागायला जावं लागतं त्यांनी स्वच्छ दिसावं, असं आपल्याला जगानंच शिकवलंय. श्रीमंताच्या मुलानं ‘मी चुकलो’ लिहिलं की तो प्रांजळपणा होतो आणि गरिबाच्या मुलानं लिहिलं की तो पुरावा होतो. मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, ‘म्हणतीलही मावशी.’

पण मग मी तिला काउन्सेलरचा निबंध वाचून दाखवला. वयाच्या आठव्या वर्षी वस्तीला शिस्त लावणारा मुलगा. ती हसायला लागली. म्हणाली, ‘हा कोण?’

माझा सगळा युक्तिवाद त्या दोन शब्दांत आहे. ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिला तो निबंधातून ओळखू आला नाही. असा निबंध पाठवून प्रवेश मिळाला, तर तो प्रवेश कुणाला मिळाला?

काउन्सेलर लोकांचं म्हणणं असतं, धोका पत्करू नका. पण धोका कशात आहे ते नीट बघा. ‘पुढाकार घेऊन पाणीवाटपाला शिस्त लावली’ असं लिहिणारी मुलं ढिगानं आहेत. कुणी रक्तदान शिबिर घेतलं, कुणी झोपडपट्टीत इंग्रजी शिकवलं, कुणी प्लॅस्टिकमुक्तीची फेरी काढली. सगळी आठव्या-दहाव्या वर्षी नेते झालेली. त्या ढिगात आणखी एक नेता टाकणं हा धोका नाही का? शेजारच्या म्हातारीच्या घागरीपुढे आपली घागर सरकवणारा आणि मग महिनाभर खडूनं नंबर टाकत बसणारा मुलगा मात्र त्या ढिगात एकच असेल.

कुणी म्हणेल, मग चूक लिहायची हाही एक फॉर्म्युलाच झाला. बरोबर आहे. उद्या काउन्सेलर शेरा मारायला लागतील, ‘एक चूक घाला.’ म्हणून मी चूक लिहा असं म्हणत नाहीये. जे घडलं ते लिहिलं असेल, तर कापताना ते कापू नका, एवढंच म्हणतेय. चूक नसेल घडलेली तर नसू दे.

आम्ही ४३७ शब्द कसे काढले ते सांगते. हिशेब उघड असलेला बरा.

सुरुवातीचे पृथ्वी आणि मानवजातीचे ११८ शब्द एका फटक्यात गेले. शेवटचे तात्पर्याचे १४३ गेले. भावाला ते काढताना फार जड गेलं. ‘ताई, मग मी काय शिकलो ते कसं कळणार?’ मी म्हटलं, तू रोज खडू घेऊन जात होतास ना, त्यावरून कळेल. विज्ञान प्रदर्शनातली बक्षिसं आणि ऑलिम्पियाड मिळून ९६ शब्द होते. तेही गेले, कारण त्याच अर्जात उपक्रमांसाठी वेगळी जागा असते. दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. पुरस्कारांनाही वेगळी जागा असते. घरच्या परिस्थितीसारखी माहिती निबंधात कोंबायची नसेल तर ‘अधिक माहिती’चा चौकोन आहे. तो तेव्हा ६५० शब्दांचा होता, २०२५-२६ पासून ३०० शब्दांचा झालाय. जी गोष्ट दुसऱ्या खणात बसते ती निबंधात ठेवू नका. हे कुठलाही काउन्सेलर फुकटात सांगू शकतो.

मग ५१ शब्द विशेषणांचे आणि जोडशब्दांचे. हे काम चिवट होतं. मूळ इंग्रजी होतं, पण मराठीत सांगते. एक वाक्य असं होतं: ‘माझ्या आयुष्यातील त्या अत्यंत कठीण आणि आव्हानात्मक काळात मी माझ्या आईला घरातील पाण्याचा प्रत्येक थेंब अतिशय काटकसरीने आणि जबाबदारीने वापरताना अगदी जवळून पाहिले.’ तेवीस शब्द. मी त्याला विचारलं, ‘पाहिलं म्हणजे काय पाहिलंस?’ त्यानं सांगितलं ते आम्ही लिहिलं: ‘तांदूळ धुतलेल्या पाण्यानं आई भांडी विसळायची, भांड्यांचं पाणी संडासात जायचं.’ दहा शब्द. काटकसर हा शब्द गेला आणि काटकसर आली. ‘संडास’ ठेवायचा का यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. ठेवला.

आणि ते ३८ शब्द खुलाशांचे. एकूण ४४६ गेले. उरले ६४१. नऊ शब्द शिल्लक होते, ते त्यानं वापरले नाहीत. घागरींचा परिच्छेद ९२ शब्दांचा होता, तो ९२चाच राहिला. फक्त चौथ्या पानावरून उचलून पहिल्या ओळीवर आणला.

या सगळ्यात मी एक शब्दही लिहिला नाही हे मुद्दाम सांगते. मी विचारत होते, तो लिहीत होता. ताईनं लिहून देणं आणि काउन्सेलरनं लिहून देणं यात मला फरक दिसत नाही. एकीकडे पैसे लागतात, एकीकडे लागत नाहीत, एवढाच.

तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? आठपैकी सात कॉलेजांनी नाही म्हटलं. एकानं जागा दिली, पण मदत पुरेशी दिली नाही. राहिलेली रक्कम मावशीच्या घराच्या किमतीहून जास्त होती. तो आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे मी ‘घागर ठेवली म्हणून जिंकलो’ असं म्हणू शकत नाही. काउन्सेलरचा निबंध पाठवला असता तर काय झालं असतं, तेही कुणी सांगू शकत नाही. कदाचित हेच. कदाचित बरं. मला तो हिशेब करायचाच नाही. नकार येणारच असेल तर तो निदान आपल्या नावावर यावा.

हे फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांचं आहे असं समजू नका. तुमच्यापैकी कुणी मास्टर्ससाठी एसओपी लिहीत असेल, कुणी फेलोशिपचा फॉर्म भरत असेल, कुणी नोकरीसाठी ‘स्वतःबद्दल २०० शब्दांत लिहा’च्या चौकोनासमोर बसलं असेल. शेजारच्या टॅबमध्ये एआय उघडं असेल. ‘हे छोटं कर’ एवढंच टाइप करायचं राहिलं असेल. ते टाइप करायच्या आधी थोडं थांबा.

आणि तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल तर वर्षातून एकदा तरी उलटा निबंध द्या. लिहिलेला निबंध परत द्या आणि सांगा, निम्मा करून आणा. जो जास्त कापेल त्याला मार्क देऊ नका. कापल्यावरही ज्याचा निबंध दुसऱ्या कुणाचा होऊ शकत नाही, त्याला द्या. आणि दुष्काळी गावात ‘पाणी नसते तर’ द्यायचाच असेल, तर निदान त्यातलं ‘तर’ काढून टाका.

कात्री हातात घेतलीत की एवढं करा. तुमचा मजकूर अशा कुणाला तरी वाचून दाखवा जो तेव्हा तिथे होता. आई, भाऊ, शेजारीण, बाकावरची मैत्रीण. त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. जिथे ते म्हणतील ‘हा कोण?’, तिथून कापायला सुरुवात करा.